सापांच्या वेळापत्रकावर चालणारा सण

मध्य इटलीतील अब्रुत्सो या डोंगराळ प्रदेशात कोकुल्लो नावाचे एक लहान गाव आहे. दर वर्षी १ मे रोजी, दुपारी बाराच्या सुमारास, तेथील चर्चच्या दारातून संत दोमेनिको यांची मूर्ती लोकांच्या खांद्यावरून बाहेर येते आणि क्षणभर थांबते. दोन्ही अंगांना उभ्या असलेल्या माणसांच्या गळ्यात आणि मनगटांवर जिवंत साप असतात. ती माणसे पुढे होतात आणि एकेक साप मूर्तीच्या खांद्यांवर व गळ्याभोवती ठेवतात. साप अर्थातच ठेवल्या जागी राहत नाहीत. एखादा घसरून खाली येतो, त्याला पुन्हा वर चढवावे लागते. दुसरा तोवर मूर्तीच्या मस्तकापर्यंत पोचलेला असतो. जमलेल्या गर्दीतील म्हाताऱ्या माणसांचे लक्ष मात्र मूर्तीच्या डोळ्यांकडे असते, कारण सापांनी डोळे झाकले तर वर्ष वाईट जाणार अशी तेथे समजूत आहे. मग बँड वाजू लागतो आणि मिरवणूक गावाच्या अरुंद, चढउताराच्या गल्ल्यांत शिरते.

जेमतेम दोन-सव्वादोनशे वस्तीच्या या गावात त्या दिवशी हजारो माणसे येतात, आणि त्यांतील बहुतेकांना सापांनी वेढलेल्या संताचे छायाचित्र हवे असते. माझा प्रश्न त्या छायाचित्राच्या बाहेरचा आहे. जिवंत वन्यप्राणी हाताळणारा, अंधश्रद्धेच्या मुळावर उभा असलेला आणि ज्या मेंढपाळांसाठी तो सुरू झाला ते मेंढपाळच आता उरलेले नाहीत असा सण आधुनिक राज्याने चालू का द्यावा? द्यायचा, तर त्यातले काय बदलू द्यावे आणि कशाला हात लावू नये? कोकुल्लोने या प्रश्नाचे एक उत्तर शोधले आहे. ते निर्दोष नाही; पण सरसकट बंदी आणि सरसकट मोकळीक या दोन्हींपेक्षा ते शहाणपणाचे आहे, असे माझे मत आहे.

सणाचे मूळ भीतीत आहे. संत दोमेनिको (९५१–१०३१) हे फोलिन्योचे बेनेडिक्टाइन साधू. दोमेनिकन संप्रदायाचे संस्थापक ते हे नव्हेत. डोंगराडोंगरांतून मठ स्थापत हिंडताना त्यांनी कोकुल्लोच्या लोकांना आपला एक दात आणि आपल्या खेचरीचा नाल देऊन टाकला, असे गाव मानते. दात दातदुखीवर आणि नाल पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर, अशी वाटणी आहे. साप दोन्हींच्या कक्षेत येतात. आजही भाविक चर्चमधील लहान घंटेची दोरी दातांत धरून ओढतात, म्हणजे वर्षभर दात दुखत नाही. वेदीमागच्या गुहेतील माती लोक पुडीत बांधून नेतात आणि शेतात, घराभोवती टाकतात. साप, पिसाळलेला कुत्रा आणि दात ही यादी हसण्यावारी नेण्याआधी थोडे थांबावे. दिवसच्या दिवस उघड्या डोंगरावर, डॉक्टरपासून कोसो दूर काढणाऱ्या मेंढपाळाला नेमकी कशाची धास्ती असते, याची ती जवळजवळ संपूर्ण यादी आहे.

त्याच्याही मागे दुसरा थर आहे. रोमपूर्व काळात येथे मार्सी नावाचे लोक राहत. सापांवर हुकमत असणारे आणि विष उतरवणारे अशी त्यांची ख्याती रोमन लेखकांनी नोंदवली आहे. त्यांची देवी अंगितिया. तिची देवराई कोकुल्लोपासून फार दूर नसलेल्या फुचिनो सरोवराच्या काठी होती. ते सरोवर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उपसून कोरडे केले गेले, आज तेथे शेती आहे. देवराईच्या जागचे गाव मात्र अजून लुको, म्हणजे ‘देवराई’, याच अर्थाचे नाव मिरवते. अंगितियाची पूजाच पुढे संत दोमेनिकोंच्या सणात मिसळली, असे पुष्कळ जण ठामपणे सांगतात. मधल्या हजार वर्षांचा दुवा कोणी अखंड जोडून दाखवलेला नसल्याने मी तितका ठाम राहणार नाही, आणि माझ्या युक्तिवादाला त्याची गरजही नाही. सण प्राचीन आहे म्हणून तो टिकावा, हे कारण मुळातच लंगडे आहे. सतीही प्राचीन होती.

टिकण्यालायक गोष्ट कोणती, हे पाहायचे असेल तर सणाच्या दिवसापासून महिनाभर मागे जावे लागते. मार्चअखेरीस ऊन तापू लागले की साप शीतनिद्रेतून बाहेर येतात आणि सकाळी दगडी बांधांवर अंग शेकत पडतात. अंग गार असल्याने ते मंद असतात. याच दिवसांत गावातले ‘सेर्पारो’, म्हणजे साप धरणारे, डोंगरउतारांवर हिंडू लागतात. मराठीत या शब्दासाठी पटकन ‘गारुडी’ असे लिहिले जाते, पण ते बरोबर नाही. सेर्पारो पुंगी वाजवत नाही, टोपली फिरवून पैसे मागत नाही आणि सापाचे दातही पाडत नाही. तो एरवी कामगार असेल, कारकून असेल, शिकणारा मुलगा असेल. त्याने हे काम बापाकडून किंवा काकाकडून उचललेले असते: कोणत्या उतारावर ऊन आधी येते, कोणत्या पडक्या भिंतीत कोणता साप राहतो, कोणत्या सापाला हात लावायचाच नाही. हा शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा, कारण या डोंगरांत विषारी व्हायपरही असतात. सणासाठी धरले जातात ते बिनविषारी साप. त्यांत मानाचा असतो तो ‘चेर्वोने’, अंगावर चार काळसर रेघा असलेला, आपल्या धामणीची आठवण करून देणारा लांबलचक आणि बऱ्यापैकी शांत साप. धरलेले साप सणापर्यंत जपले जातात आणि नंतर जिथून आणले तिथेच नेऊन सोडले जातात.

चेर्वोने हा युरोपात संरक्षित प्राणी आहे. नैसर्गिक अधिवासांविषयीचा १९९२ चा युरोपीय निर्देश त्याला कडक संरक्षण देतो आणि इटलीने १९९७ च्या हुकमाने तो निर्देश आपल्या कायद्यात आणला. त्याला पकडणे, बाळगणे हा गुन्हा आहे. म्हणजे कायद्याचे अक्षर पाळायचे ठरवले असते, तर कोकुल्लोचा सण त्याच वेळी संपला असता. मूर्तीवर रबरी साप घालून मिरवणूक काढता आली असती आणि पर्यटन खात्याने कदाचित तीही चालवून घेतली असती. तसे झाले नाही, कारण त्याच निर्देशात अटींसह अपवाद करण्याची सोय आहे. पर्यावरण मंत्रालय अपवादाची परवानगी देते, आणि त्या बदल्यात गावाने आपले साप शास्त्रज्ञांसमोर ठेवायचे असतात. गेल्या दशकाहून अधिक काळ सरीसृपतज्ज्ञ सणाच्या दिवसांत सापांची लांबी आणि वजन घेतात, लिंग पाहतात, तब्येत तपासतात आणि त्वचेखाली सूक्ष्म चिप बसवतात, जेणेकरून तोच साप पुढच्या एखाद्या वसंतात पुन्हा हाती लागला तर ओळखता यावा.

या व्यवहारात कोणी कोणाला काय दिले, ते नीट पाहिले पाहिजे. साप हा अभ्यासाला अवघड प्राणी आहे. तो दडून राहतो, त्याची मोजणी होत नाही, आणि एका संशोधकाने वर्षभर डोंगर तुडवला तरी हाती लागणारी संख्या तुटपुंजी असते. कोकुल्लोत मात्र दर वसंत ऋतूत, त्याच उतारांवर, त्याच पद्धतीने, सरावलेली डझनावारी माणसे साप शोधतात. असे मनुष्यबळ पगार देऊन उभे करायचे म्हटले तर कोणत्याही विद्यापीठाला परवडणार नाही. गावाला परवानगी मिळाली, विज्ञानाला माहिती मिळाली. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे साप दिसला की कोयता उचलणाऱ्या ग्रामीण मुलखात एक गाव असे तयार झाले, की तेथील आठ वर्षांचे मूल चेर्वोने आणि व्हायपर यांत फरक करू शकते आणि सापाला मारू नये याचे कारण त्याला संरक्षित प्राण्यांच्या फलकावरून वाचावे लागत नाही.

यावरचा आक्षेप मी टाळणार नाही, कारण तो खरा आहे. सापाला बँडच्या गोंगाटात, शेकडो हातांतून फिरवणे त्याच्या दृष्टीने आनंदाचे असू शकत नाही. त्याला संताशी काही देणेघेणे नाही. वन्यप्राण्याचा उपयोग माणसाच्या धार्मिक समाधानासाठी करायचा की नाही, या प्रश्नाचे तत्त्वनिष्ठ उत्तर ‘नाही’ असेच आहे, आणि ज्यांना तत्त्व महत्त्वाचे वाटते त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. मात्र त्याच तत्त्वाने रस्ते, द्राक्षांचे मळे आणि डोंगरमाथ्यांवरच्या पवनचक्क्यांचे प्रकल्पही मोजावे लागतील. सापांचा अधिवास त्यांनी जितका खाल्ला, त्याच्या तुलनेत महिनाभर जपून परत सोडलेल्या सापांचा त्रास किती, हा हिशेब कोणी मांडत नाही. सणावर बंदी घालणे सोपे असते. सणाला वकील नसतो, महामार्गाला असतो. मला खुपते ती गोष्ट वेगळी आहे: सेल्फीसाठी साप गळ्यात घालून घेणारी, त्या गावाशी कसलाही संबंध नसलेली पर्यटकांची रांग. परवानगीच्या अटी जिथे आणखी कडक करता येतील अशी जागा ती आहे. साप सेर्पारोच्या हातात राहावा, पाहुण्याने पाहावे. एवढे सांगायला गाव बिचकते, कारण पाहुणा दुपारी जेवणावर आणि संध्याकाळी मधाच्या बरणीवर पैसे खर्च करणार असतो.

आता तारखेविषयी. हा सण पूर्वी मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी होत असे. २०१२ पासून तो १ मे या कायमच्या सुटीच्या दिवशी होतो. गुरुवारी रोम-पेस्कारामधली माणसे कामावर असतात, कामगार दिनी नसतात. कारण इतके साधे आहे. परंपरेचे कैवारी अशा बदलाला बाजारूपणा म्हणतात. मला ते पटत नाही. मेचा पहिला गुरुवार १ ते ७ या तारखांमध्येच पडतो. म्हणजे गावाने सण सरकवला तो जुन्या सात दिवसांच्या आत. साप उठलेले आहेत, अजून सकाळी मंद आहेत आणि डोंगरात गवत वाढून दिसेनासे झालेले नाहीत, ही अट पाळली गेली. पंचांग बदलले, ऋतू बदलला नाही. हाच सण ऑगस्टमध्ये नेला असता, तर सेर्पारोचे सगळे ज्ञान एका फटक्यात निरुपयोगी झाले असते आणि साप कोणाकडून तरी विकत आणावे लागले असते.

ऑगस्टचे नाव मी उगाच घेत नाही. अब्रुत्सोतील डोंगरी गावांचे खरे उत्सवपर्व आता ऑगस्टमध्येच असते. विसाव्या शतकात या गावांतून माणसे अमेरिकेत, अर्जेंटिनात, ऑस्ट्रेलियात गेली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर बेल्जियमच्या कोळसा खाणींत गेली. ८ ऑगस्ट १९५६ रोजी मार्सिनेलच्या खाणीत आग लागून २६२ कामगार मेले, त्यांत १३६ इटालियन होते आणि त्यांतला मोठा गट एकट्या अब्रुत्सोचा होता. अशा स्थलांतरितांची मुले-नातवंडे १५ ऑगस्टच्या ‘फेर्रागोस्तो’च्या सुटीत गावी येतात. तेव्हा गावोगाव ‘साग्रा’ भरतात. साग्रा म्हणजे एखाद्या पदार्थाच्या नावाने भरणारी खाद्यजत्रा: लांब बाकडी, कागदी ताटल्या, सळईवर भाजलेले मेंढीच्या मांसाचे ‘अरोस्तिचिनी’, रात्री नाच. मुंबईहून शिमग्याला येणाऱ्या चाकरमान्यांवर ज्यांचा गाव वर्षभर जगतो, त्यांना हे समजावून सांगायला नको. साग्रेला मी नावे ठेवणार नाही. वर्षात पंधरा दिवस उघडणाऱ्या घरांना त्या पंधरा दिवसांत भेटायला निमित्त हवे असते. फरक इतकाच, की साग्रा वर्षातल्या कोणत्याही महिन्यात भरवता येते, आणि म्हणून ती कोणत्याही महिन्याची नसते.

उलट टोकाला अब्रुत्सोतलेच फारा फिलिओरुम पेत्री हे गाव आहे. १६ जानेवारीच्या संध्याकाळी, संत अंतोनिओंच्या सणाच्या पूर्वसंध्येला, तेथील प्रत्येक वाडी बोरूच्या देठांची एकेक अजस्र मोळी उभी करून पेटवते. तिला ‘फार्किया’ म्हणतात, आणि ती दोन मजली घराहून उंच असते. बोरू आधी गोळा करायचे, वाळवायचे, विलोच्या डहाळ्यांनी आवळून बांधायचे, आणि नंतर ती मोळी माणसांनी किंवा ट्रॅक्टरने ओढत मैदानात न्यायची. वाडीतल्या माणसांना अनेक संध्याकाळ एकत्र बसल्याशिवाय हे जमत नाही. १७९९ मध्ये चालून आलेल्या फ्रेंच फौजेला संताने झाडांच्या ज्वाळा करून पळवून लावले, अशी कथा त्याला जोडलेली आहे. ती खरी की खोटी हे कोणी विचारत बसत नाही. हा सण थंडीच्या मध्यात आहे म्हणूनच आगीला अर्थ आहे. ऑगस्टमध्ये तो केला तर अग्निशमन दलच आधी येईल.

इटालियन राज्याचा स्वतःचा इतिहास या बाबतीत फारसा अभिमानाचा नाही. १९७७ च्या कायद्याने उत्पादकता वाढवण्यासाठी एपिफनी, संत जोसेफ, स्वर्गारोहण, कॉर्पुस दोमिनी आणि संत पीटर व पॉल या ख्रिस्ती सणांच्या सुट्या रद्द केल्या, आणि २ जूनचा प्रजासत्ताक दिनही जूनच्या पहिल्या रविवारी ढकलला. एपिफनी १९८५ मध्ये परत आली, प्रजासत्ताक दिनही पुढे आपल्या तारखेला परतला. २०११ च्या कर्जसंकटात सरकारने वटहुकमात पुन्हा अशीच तरतूद केली: गावोगावच्या पालक संतांचे उत्सव शुक्रवार, सोमवार किंवा रविवारला चिकटवावेत, म्हणजे सणाची सुटी आणि शनिवार-रविवार जोडणाऱ्या मधल्या ‘पुला’च्या रजा पडणार नाहीत. ती प्रत्यक्षात उतरली नाही. रोममध्ये बसलेल्या अधिकाऱ्याला तारीख हा आकडा दिसतो. कोकुल्लोतही तारीख बदलली, पण ती साप केव्हा उठतात हे ठाऊक असलेल्यांनी बदलली. सण कोणी बदलावा याचा माझा निकष तोच आहे: जो सणासाठी राबतो त्याने. बघ्याला सूचना करण्याचा हक्क असावा, मतदानाचा नसावा.

याच निकषावर वारशाच्या जागतिक याद्यांकडे पाहिले, तर त्यांच्याविषयीचा उत्साह थोडा ओसरतो. अब्रुत्सोतील मेंढ्यांचे ऋतुस्थलांतर २०१९ मध्ये, ऑस्ट्रिया आणि ग्रीससह, युनेस्कोच्या यादीत गेले. ते योग्यच झाले. पण डोंगरातून दक्षिणेच्या पुल्या प्रदेशाकडे उतरणारे ते लाखोंचे कळप यादीच्या कितीतरी आधी संपले होते. नावाची नोंद झाल्याने मेंढपाळ परत येत नाही. अपवादाची एक रटाळ सरकारी परवानगी, जी दर वेळी अर्ज करून, मोजमापे देऊन मिळवावी लागते, ती कोकुल्लोला कोणत्याही सन्मानपत्राहून अधिक उपयोगी पडली.

हे सारे वाचताना मराठी वाचकाला बत्तीस शिराळा आठवले असेल. सांगली जिल्ह्यातील या गावी नागपंचमीला जिवंत नागांची पूजा होत असे. मातीच्या नागाची पूजा करणाऱ्या बाईला गोरखनाथांनी जिवंत नाग दिला, अशी तेथील कथा. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे जिवंत नागांच्या मिरवणुका आणि खेळ बंद झाले आणि मातीचा नाग परत आला. दोन्ही गावांची तुलना करताना एक फरक विसरून चालणार नाही: कोकुल्लोचा साप चावला तर ओरखडा उठतो, शिराळ्याचा नाग चावला तर माणूस मरतो. गर्दी, उंचीच्या आणि लांबीच्या स्पर्धा, सापांचे हाल, या आक्षेपांत तथ्य होते आणि न्यायालयाने खेळ थांबवला याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार त्यानंतरच्या रिकाम्या वर्षांविषयी आहे. खेळ थांबवताना नाग शोधण्याची, तो न दुखावता धरण्याची आणि पुन्हा शेतात सोडण्याची जी विद्या गावात होती, तिचे काय करायचे याचा विचार कोणी केला नाही. मंडळे राहिली, ध्वनिक्षेपकांच्या भिंती वाढल्या, आणि जे एकमेव कौशल्य त्या सणात शिकण्यासारखे होते ते म्हाताऱ्यांबरोबर जाऊ लागले.

शिक्षण आणि संशोधन यांसाठी वन्यप्राणी धरण्याची परवानगी देण्याची सोय आपल्या कायद्यातही आहे. २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने तिचा आधार घेऊन शिराळ्यातील २१ जणांना नाग धरण्यास मुभा दिली. हेतू पारंपरिक ज्ञान तरुणांपर्यंत पोचवण्याचा. मिरवणूक, स्पर्धा आणि व्यापारी उपयोग यांना मनाई. दिशा बरोबर आहे. परंतु कोकुल्लोची परवानगी टिकली ती मनाईच्या कलमांमुळे नाही. तेथे प्रत्येक सापाची लांबी, वजन आणि धरल्याची जागा कोणीतरी वहीत उतरवतो, आणि पुढच्या वर्षी ती वही उघडली जाते. शिराळ्यात धरलेला नाग कोणत्या शिवारातून आणला, कोणी आणला, किती दिवसांनी कोठे सोडला आणि पुढच्या नागपंचमीला त्या शिवारात काय आढळले, हे लिहायला वनखात्याचा एक माणूस आणि महाविद्यालयातले दोन प्राणिशास्त्राचे विद्यार्थी पुरे आहेत. ते आले नाहीत, तर मंत्रालयाची ती मुभा पुढच्या एखाद्या याचिकेपर्यंतच टिकेल.

कोकुल्लोत २ मेच्या सकाळी रस्त्यांवरचे ठेले उचलले जातात आणि गाड्यांची रांग खालच्या महामार्गाला लागते. वस्ती पुन्हा दोनशेवर येते. साप धरताना केलेली नोंद खिशात ठेवून सेर्पारो कापडी पिशवी घेऊन वर चढतो, आणि जी भिंत त्याच्या बापाने त्याला दाखवली होती, तिच्याशी पिशवीचे तोंड सोडतो.